वरचा एक

दौलताबादच्या किल्ल्यात कारभारी रोज लाखभर माणसं मारायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी जेवायला यायचा. शाळांच्या सहली सुरू झाल्या की आकडा तीन-चार लाखांवर जायचा. एवढी कत्तल करून अंगावर रक्ताचा थेंब नाही. असलीच तर बाहीला टेंभ्याची काजळी.

"आज किती मारले रे?" दारातूनच भागूबाई विचारायची.

"तीन लाख तीन."

"पाय धुऊन ये मग. भाकर निवायली."

भागूबाई म्हणजे कारभारीची चुलती. आई तो रांगत असतानाच गेली, बाप दुसरी बायको करून चितेगावला राहायला गेला, तेव्हा हिनंच त्याला वाढवलं. तिचा नवरा सांडू अठ्ठेचाळीस साली, हिंदुस्थानची फौज निजामाच्या राज्यात शिरली त्या पोलीस अॅक्शनच्या वेळी वारला. तेव्हापासून ती किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाटी घेऊन बसायची. पेरूच्या दिवसांत पेरू, सीताफळाच्या दिवसांत सीताफळं. पन्नास वर्षं दरवाजात बसली, पण आत पाऊल टाकलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "आत काय हाय? दगडंच ना? दगडं बाहेरबी हायेत."

आत दगडांशिवाय जे काही होतं ते कारभारीच्या तोंडात होतं. तो किल्ल्यावरचा गाईड. छातीवर पुरातत्त्व खात्याचा पितळी बिल्ला, हातात टेंभा, आणि आवाज असा की चांद मिनारापाशी बोलला तर मेंढा तोफेजवळची माणसं वळून बघायची. खंदकावरच्या पुलाशी आला की तो थांबायचा, टेंभा खाली करायचा आणि आवाज आणखी खाली.

"बघा, खाली बघा. बाई, लेकराला धरा. ह्या खंदकात मगरी व्हत्या. वरून उकळतं तेल, खालून मगर, मागून आपलेच लोक ढकलायले. एका लढाईत, एका दिवसात, ह्या खंदकात माणूस पडला एक लाख एक."

कोणती लढाई असं एखाद्या मास्तरानं विचारलंच, तर कारभारी त्याच्याकडे दयेनं बघायचा. "मोठी," म्हणायचा.

लाखाच्या वरचा हा एक त्याच्या गुरूनं दिलेला. गुरू म्हणजे कडूबा. कारभारीच्या आधी अठ्ठावीस वर्षं त्यानं हा किल्ला चालवला. त्याच्या काळात कुणाला बिल्ला मिळत नव्हता आणि सांगितलेल्याचा पुरावाही कुणी मागत नव्हतं. त्यानं कारभारीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "गोल आकडा सांगायचा नाय. गोल आकडा खोटा वाटतो. लग्नात आपण शंभर देतो का? एकशे एक देतो. वरचा एक दिसला की देणाऱ्याची नियत कळते. मेलेल्यांचंबी तसंच. लाखाला कुणी भाव देत नाय, पण एक लाख एक म्हणलं की माणसाला वाटतं, कुणीतरी बसून मोजलं असंल."

बावीस वर्षं कारभारीनं हा नेम पाळला. पर्यटकांनी लाख मानले, एक मानला, जाताना फोटो काढले.

मग नव्याण्णव साल आलं. त्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई लागली आणि ती घरोघरच्या टीव्हीवर दिसायला लागली. बर्फात तोफा धडाडतायत, धूर निघतोय, आणि रोज संध्याकाळी गेलेल्या पोरांचे फोटो. नाव, गाव, रेजिमेंट. अख्खा देश जेवता जेवता लढाई बघत होता. आमटीत मीठ कमी पडलं तर आवाज चढायचा. टीव्हीवरचा आकडा वाढला तर तेवढा घास थांबायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

ह्याचा परिणाम किल्ल्यावरही झाला. लोकांना लढाईची चटक लागली होती. खंदकापाशी आल्यावर ते स्वतःच विचारायचे, "इथं किती?" आणि कारगिलशी ताडून बघायचे. कारभारीला हे आयतं कोलीत मिळालं.

"आताची लढाई ही काय लढाई हाय व्हय साहेब?" तो हात उडवायचा. "बटन दाबलं, तिकडं वीस कोसावर माणूस मेला. मारणाऱ्याला मरणारा दिसत नाय, मरणाऱ्याला मारणारा दिसत नाय. मरायची बी मजा गेली. आमच्याकडं डोळ्याला डोळा भिडवून, नाव विचारून मारायचे. एक लाख एक!"

लोक माना डोलवायचे. आपल्या पूर्वजांना नाव विचारून मारलं जायचं याचा त्यांना मोठा अभिमान वाटायचा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अशाच एका घोळक्यात पस्तिशीच्या एक बाई होत्या. सुती साडी, खांद्याला झोळी, हातात वही. कारभारीला वाटलं पुण्याच्या असतील, कारण त्या हसत नव्हत्या. "एक लाख एक" ऐकल्यावर त्यांनी वहीतून मान वर केली.

"हा वरचा एक कोण?"

कारभारीनं टेंभा वर करून बाईंचं तोंड बघितलं. बावीस वर्षांत लाखो पर्यटकांतलं कुणीही, कधीही, हे विचारलं नव्हतं.

"एक... म्हंजी... एक व्हता."

"नाव विचारून मारायचे म्हणालात ना? मग त्याचं नाव असेल."

घोळका हसला. कारभारीला त्या हसण्याचा पहिल्यांदा राग आला. इतकी वर्षं ते त्याच्या बाजूनं हसत होते. बाईंनी झोळीतून ओळखपत्र काढलं. नाव उमा, खात्याकडून आलेल्या. गाईड लोक किल्ल्यावर काय वाट्टेल ते सांगतात अशा तक्रारी गेल्या होत्या, आणि यंदा बिल्ले नवे करायच्या आधी प्रत्येकाचं बोलणं तपासायचं ठरलं होतं.

"अठरा तारखेला येते मी. लाखाला आधार आणा, एकाला आधार आणा. आधार नसेल तर आकडा नाही. आणि खोटा आकडा चालू ठेवलात तर बिल्ला नाही."

बाई गेल्या आणि कारभारी बिल्ला पुसत बसला. बिल्ला गेला तर करायचं काय? दोन एकर रान होतं, बटईनं दिलेलं. तिथं जाऊन नांगर धरायचा म्हटलं तरी मागं वळून वळून बोलायची सवय. बैल ऐकून घेतात, पण टाळ्या वाजवत नाहीत.

दुसरा गाईड फकिरा. त्यालाही हीच नोटीस. फकिराच्या खंदकात दोन लाख एक पडायचे. कारभारीनं त्याला गाठलं.

"फकिरा, तुझ्या दोन लाखाला आधार काय?"

"तू," फकिरा म्हणाला.

"मी?"

"तुझा लाख घेतला अन डबल केला. फॉर्मात लिहून दिलंय. आधार: कारभारी."

आधाराचा आधार शोधायला कारभारी जीपमध्ये बसून शहरात गेला. आताचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद. औरंगपुऱ्यात दत्तोपंत राहायचे. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना लढायांच्या सनावळ्या पाठ करायला लावल्या होत्या आणि स्वतः घरात झुरळ निघालं तर बायकोला हाक मारत होते. वर्गाच्या सहली घेऊन ते किल्ल्यावर यायचे, म्हणून ओळख.

"लाख!" दत्तोपंत आरामखुर्चीत सरसावले. "अरे वेड्या, त्या काळी ह्या मुलखात माणूस किती होता? तू तर एका दिवसात लाख मारतोस. सगळे मेले तर पुढच्या साली पेरलं कुणी? आणि तू कुणाच्या पोटी आलास?"

"मग सर, किती पडले असतील?"

"नोंद नाही. बखरीत लाख असतो, पण बखर लिहिणारा म्हणजे तूच. तुला बक्षीस पर्यटक देतो, त्याला राजा द्यायचा. एवढाच फरक." त्यांनी पानाचा डबा उघडला. विषय आवडीचा निघाला होता. "पण तुलना तू चुकीची करतोस. लोक म्हणतात, आताच्या लढाया भयंकर. दुसऱ्या महायुद्धात पाच-सहा कोटी माणूस गेलं, कबूल. पण जगात माणूस होता दोनशे कोटींच्या वर. म्हणजे शंभरी किती? अडीच! फार तर तीन! आता जुनी लढाई घे. आकडा लहान, पण गावात माणूसच तीनशे. त्यातले साठ गेले, तर शंभरी वीस. तेव्हा हिशेबानं बघता आधुनिक युद्ध हे पुष्कळ सौम्य आहे."

त्यांची बायको कालिंदी चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता म्हणाली, "त्या अडीचमधला अर्धा कोण हो?"

"काय?"

"शंभरी अडीच म्हणालात. दोन पुरते मेले. अर्धा कसा मेला?"

"अगं, सरासरी असते ती!"

"परवा दाढ दुखली तर तीन दिवस घर डोक्यावर घेतलंत. शंभरी किती होती दाढ?" मग ती कारभारीकडे वळली. "ह्यांच्या पुस्तकात फक्त शिपाई मरतात, भाऊ. त्यांचा हजेरीपट असतो. फौज गावावरून गेली की कणगीत दाणा राहायचा नाही. मागं बाया-पोरं उपाशी मेली, पाणी पिऊन पटकीनं मेली. ती कुठल्या शंभरात धरता, विचारा सरांना."

"त्यांची नोंद नाही," दत्तोपंत म्हणाले.

"म्हंजी हजेरीत नाव नाय त्यो मरत नाय?" कारभारीनं विचारलं.

"मरतो. पण इतिहासाला त्याचं सुतक नसतं," कालिंदी म्हणाली आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

कारभारी परत निघाला तेव्हा त्याच्या खिशात एकही आधार नव्हता. लाख तर गेलाच, हे त्याला कळून चुकलं. राहता राहिला वरचा एक. एक तरी माणूस नावानिशी दाखवता आला तर बाईंपुढं तोंड राहील, असं त्याला वाटत होतं. जीप शहराबाहेरच्या छावणीतून पुढं निघाली तरी त्याला तो एक सापडेना.

सापडला तो सतरा सप्टेंबरला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. ग्रामपंचायतीपुढं झेंडावंदन झालं, हुतात्म्यांना श्रद्धांजली झाली, आणि दरवर्षीप्रमाणे कारभारी शेजारच्याला म्हणाला, "आमचे सांडूकाका रझाकारांशी लढताना गेले. यादीत नाव नाय घेतलं कुणी." आणि म्हणता म्हणता थबकला. जिलेबीचा तुकडा हातात तसाच राहिला.

सांडूकाका! किल्ल्यापाशीच गेले होते. लढाईत गेले होते. नाव होतं, गाव होतं, बायको अजून जिवंत होती. अख्ख्या लाखात मिळाला नसता असा चोख माणूस घरातच बसवलेला होता, आणि हा बावीस वर्षं परक्यांना खंदकात ढकलत होता. पण त्यालाही इलाज नव्हता. पोलीस अॅक्शन पर्यटकाला चालत नाही. त्यात हत्ती नाही, तलवार नाही, आणि नावातच पोलीस.

तो तडक किल्ल्याच्या दरवाजात गेला. भागूबाई पाटीत पहिली सीताफळं लावत होती. मोठी वर, टणक खाली.

"काकू, उद्या बाई येणार हायेत. त्यांना एवढंच सांगायचं, काका रझाकारांशी लढता लढता इथं पडले."

भागूबाईनं वर बघितलं आणि हसायला लागली. दात उरले नव्हते, त्यामुळं हसू मोठं दिसलं.

"लढला? त्यो? आरं, त्यो कोंबड्याला भ्यायचा. आमचा कोंबडा आंगणात असला की मागच्या दारानं यायचा घरात."

"मग आजा तर सांगायचा—"

"तुझ्या आज्याला हुतात्मा पाहिजे व्हता दारात. गावात तिघांच्या घरी ताम्रपट आले, आपल्या घरी नाय म्हणून." तिनं एक सीताफळ उचललं, दाबून बघितलं, परत ठेवलं. "विमान आलं व्हतं. हिंदुस्थानचं. तवर कुणी विमान बघितलं नव्हतं. लोक म्हणले बाँब टाकतंय. सगळं गाव अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, जाऊन बसलं, तू टेंभा घेऊन फिरतो ना, तिथंच. मी नवी नवरी, लग्नाला महिना नव्हता झाला. वर वटवाघळं, खाली चिखल. बायांनी लेकरांच्या तोंडात पदर कोंबले. अन हे दोघं बाहेर. ह्यो अन तुझा कडूबा."

"कडूबाबा?"

"जिगरी व्हते. कडूबा म्हणला, सांडू, तू हलका हायेस, चढ बुरजावर, किती विमानं हायेत मोजून सांग. चढला. मोजायला मान वर केली अन पाय सुटला. खंदकात."

"कुणी... ढकललं?"

"कुणी नाय. हिंदुस्थानच्या फौजेनं नाय, रझाकारानं नाय, निजामानं तर नायच नाय. त्याला तर ठावंच नव्हतं सांडू म्हणून कुणी हाय म्हणून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुझ्या आज्यानं लिहून दिलं, लढता लढता गेला. साहेब लोक आले, दोन साक्षीदार पाहिजे म्हणले. कडूबाला विचारलं. त्यो म्हणला, मी त्याला लढताना नाय बघितलं, मोजताना बघितलं. झालं. आजा मरंस्तवर कडूबाशी बोलला नाय. आजा गेला अन मग कडूबानं तुला बोटाला धरून किल्ल्यात नेलं."

कारभारी दरवाजाच्या पायरीवर बसला. आजवर त्यानं हजारदा ह्या खंदकात माणसं टाकली होती. नावानिशी माहीत असलेला असा एकच माणूस तिथं खरोखर पडला होता, आणि नेमका तोच त्यानं कधी टाकला नव्हता.

"काकू, कडूबाबानंच मला शिकवलं, लाखाच्या वर एक ठेवत जा म्हणून. म्हणला, आहेरासारखा."

भागूबाईचा हात थांबला.

"आहेरासारखा म्हणला? कडूबा?"

"व्हय."

"कडूबानं जल्मात कुणाच्या लग्नात आहेर केला नाय. फुकट जेवून यायचा, अन येताना दोन लाडू बांधून आणायचा." तिनं एक सीताफळ ढिगाच्या वर ठेवलं. "एक ठेवला व्हय त्यानं वर. अठ्ठावीस वर्षं."

"अठ्ठावीस त्याची. बावीस माझी."

"मग तोंडानं सांगायला काय झालं व्हतं मेल्याला!" ती एकदम फिसकारली. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबले, त्यांना वाटलं सीताफळांच्या भावावरून भांडण लागलं. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आवंदा शेजाऱ्याच्या टीव्हीवर ती कारगिलची पोरं दाखवायचे. एकेकाचा फोटू, नाव, कुठल्या मायचा ते. मी म्हणलं, बरंय बाबा. तुझ्या जुन्या लढाईत लाख मेले, अन नाव एकाचं नाय. ह्या नव्या लढाईत नाव सगळ्यांचं. अन आमची मधली. तिच्यात आकडा बी नाय अन नाव बी नाय. लढाई झाली हे तरी मानत्यात का कुणाला ठावं. अॅक्शन म्हणत्यात."

अठरा तारखेला उमाबाई आल्या. बरोबर छापील तक्ता. पहिला फकिरा.

"दोन लाख एक. आधार, कारभारी," तक्ता बघत बाई म्हणाल्या. "कारभारी, तुमचा आधार?"

"कडूबा. त्यो वर गेलाय."

"वर म्हणजे माथ्यावरच्या बारादरीत?"

"त्याच्याबी वर."

बाईंनी पेन काढलं. कारभारीनं बिल्ल्यावर हात ठेवला, मग काढून घेतला.

"लाखाला आधार नाय बाई. खोडा."

"आणि वरचा एक?"

"त्याला हाय. दरवाजात पाटी घेऊन बसलीय."

उमाबाई खाली गेल्या. भागूबाईनं आधी एक सीताफळ पुढं केलं आणि भाव सांगितला. बाईंनी विचारलं, "तुमचे मालक ह्या खंदकात पडले?"

"पडले."

"लढाईत?"

"लढाई चालू व्हती. ते पडले. आता तुमच्या कागदात कसं बसतंय ते तुमी बघा."

तक्त्यात दोन रकाने होते, आपल्याकडील मृत आणि शत्रूकडील मृत. बाईंचं पेन पहिल्यावर गेलं, दुसऱ्यावर गेलं, परत पहिल्यावर आलं.

"ते कोणत्या बाजूचे होते?"

"कोणत्याच नाय. बघायच्या बाजूचे."

मग उमाबाईंनी एक गोष्ट केली, जी खात्याच्या माणसानं करू नये. पट्टी काढून त्यांनी तक्त्यात हातानं तिसरा रकाना आखला. त्याला मथळा काय द्यावा ते मात्र त्यांना सुचलं नाही. रकाना तसाच बिनानावाचा ठेवून आत लिहिलं: सांडू. संख्या एक. आधार, पत्नी भागूबाई, तोंडी. लाखावर काट मारली आणि कारभारीचा बिल्ला पाच वर्षांसाठी नवा केला. फकिराचेही दोन लाख खोडले. त्यानं "हो बाई" म्हटलं आणि बाईंची जीप वळणाआड गेली की दोन्ही लाख परत आणले.

कारभारीनं मात्र हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी जालन्याहून आलेल्या एका कुटुंबाला तो खंदकापाशी घेऊन गेला, टेंभा खाली केला आणि म्हणाला, "ह्या खंदकात एक माणूस पडून मेला. सांडू त्याचं नाव. विमानं मोजायला बुरजावर चढला व्हता."

सगळे वाट बघत राहिले.

"आणि?" कुटुंबप्रमुखानं विचारलं.

"आणि काय? मेला."

"एकच?"

"एकच."

"अहो, एवढा मोठा खंदक, आणि एकच माणूस?" त्याच्या बायकोला तर फसवल्यासारखं झालं. "आमच्याकडं रेल्वे फाटकात महिन्याला दोन जातात." पलीकडून फकिराचा आवाज येत होता, दोन लाख एक, आणि कुटुंब हळूहळू तिकडं सरकलं. पोरगी जाता जाता म्हणाली, "मगरीपण नाहीत ह्यांच्याकडं."

आठवडाभर हेच चाललं. कारभारीचा बिल्ला चकचकीत होता आणि मागं माणूस नव्हतं. तरी दिवसाला तीन-चार जण मिळायचेच, आणि त्या प्रत्येकासमोर तो सांडूला बुरजावर चढवायचा आणि खाली टाकायचा.

"आज किती मारले?" संध्याकाळी भागूबाईनं विचारलं.

"एक."

"कितींदा?"

"काय कितींदा?"

"कितींदा पाडला त्याला आज?"

"चारदा," तो म्हणाला, आणि त्याची मान खाली गेली.

"लाखात व्हता तवा बरा व्हता. गर्दीत दडलेला तरी व्हता. एकदा मेला त्यो माणूस, एक्कावन्न सालं झाली. आता मी तिथं भाव करीत बसती अन तू आत त्याला दिवसातून चारदा पाडतो. अन खाली काय पडलं ते एकदा तरी सांगितलं का? पंधरा वर्षांची मी पडली त्याच्यासंगं. मी कुठल्या रकान्यात हाय, इचारलं का त्या बाईला?"

कारभारीनं ताट बाजूला सारलं. भाकरी ताटात तशीच होती. त्याला पहिल्यांदाच वाटलं, बाईंनी ताबडतोब बिल्ला काढून घेतला असता तर बरं झालं असतं. बैलांना निदान काका नसतो.

"मग उद्यापासून नाय सांगत काकू. लाखच सांगतो. नायतर काहीच नाय सांगत."

"सांगू नको कोण म्हणलं?" ती उठली, चुलीवरून तवा उतरवला. पाठमोरीच म्हणाली, "पाडायचाच तर विमान बघून झाल्यावर पाड. इतकी वरसं मला एकच कोडं पडलंय, त्याला दिसलं व्हतं का नाय. मान वर केली अन पाय सुटला, एवढंच कडूबानं सांगितलं. किती व्हती ते बिचाऱ्यानं सांगितलंच नाय कुणाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी खंदकापाशी कारभारीचा आवाज परत मेंढा तोफेपर्यंत गेला. फकिरानं टेंभा खाली ठेवून मान वळवली.

"हलका व्हता, चढला वर. ह्या बुरजावर, बघा, हितं पाय ठेवला. सगळं गाव अंधारीत दडलेलं, बाहेर दोघंच, हा अन ह्याचा दोस्त. मान वर केली. आभाळात विमानं! खाली दोस्त वरडतोय, किती हायेत सांग! अन ह्यानं एकेक बोट दाखवून मोजली. एक. दोन. तीन. पुरती मोजली. मोठ्यानं सांगितलं, तीन! अन मग पाय सुटला."

लोक वर आभाळाकडं बघत होते. बघता बघता एकानं विचारलं, "त्याची बायको?"

"दरवाजात बसती. जाताना सीताफळं घ्या. अन तिच्याशी बोलताना मान खाली ठेवा."

तीन विमानांना काही आधार नव्हता. उमाबाई पाच वर्षांनी परत आल्या तेव्हा त्यांनी ते ऐकलं, वही उघडली आणि बंद केली. तोवर विमानं सात झाली होती. कारभारीला राहवत नाही, आकडा फुगवल्याशिवाय त्याच्या तोंडाला चव येत नाही. भागूबाई गेली त्या वर्षी विमानं अकरावर होती. परवाच्या दिवाळीत एक सहल आली होती, तेव्हा मोजता मोजता सांडूनं एकवीस मोजली.

पडला मात्र एकच.